यांजमा काच पुसायची

यांजमा हवामानाच्या ठाण्यात चोवीस वर्षं नोकरीला होती आणि त्या चोवीस वर्षांत तिनं सूर्याबद्दल एकही ओळ खोटी लिहिली नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो. तिचं नाव पहिलं का यायला हवं, ते पुढे कळेल.

ठाणं म्हणजे काय फार मोठं नाही. तालुक्याच्या गावाबाहेरच्या टेकाडावर पायांवर उभी पांढरी पेटी, वाऱ्याची फिरकी, पावसाचं डबडं आणि लोखंडी बैठकीवर एक काचेचा गोळा, मुठीपेक्षा थोडा मोठा. गोळ्यामागे जाड निळ्या कागदाची पट्टी. ऊन गोळ्यातून जाऊन एका ठिपक्यात गोळा व्हायचं आणि पट्टी जळत जायची. ढग आला की रेघ तुटायची, गेला की पुन्हा सुरू. दिवस मावळला की यांजमा पट्टी काढायची, रेघ मोजायची आणि वहीत लिहायची : आज ऊन नऊ तास चाळीस मिनिटं. झालं. एवढंच काम. पण काचेवर धूळ बसली तर रेघ फिकी पडते, आणि आमच्याकडे वसंतात धुळीशिवाय दुसरं असतं काय? म्हणून ती दिवसातून तीनदा गोळा पुसायची.

एकदा मी हरवलेली घोडी शोधत तिकडून चाललो होतो. वारा असा की घोडासुद्धा तिरका चालत होता. आणि ही बाई त्या वाऱ्यात उभी राहून गोळा पुसतेय. पुसलं की धूळ, पुसलं की धूळ. मी ओरडलो, "अगं बाई, वाचतं कोण ते तुझं?"

"सूर्य लिहितो," ती म्हणाली, "वाचायला कुणी नाही म्हणून त्याला गिचमिड लिहू द्यायचं का?"

मला इतकं हसू आलं की तोंडात वाळू गेली. नंतर वर्षभर मी हे ज्याला त्याला सांगत होतो. ती नक्कल मला फार छान जमायची. आता करत नाही.

आणखी एक. वरून एक साहेब तपासणीला आले. वहीत एका दिवसाची जागा कोरी. त्या दिवशी यांजमा तापानं पडून होती, पट्टी बदलली गेली नव्हती. साहेब म्हणाले, "अहो, आदल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी दहा तास. मधल्या दिवशीही दहा लिहून टाका." यांजमा म्हणाली, "मी पाहिलं नाही साहेब." साहेब म्हणाले, "मीच लिहितो मग." तर हिनं वही छातीशी धरली. साहेब गेले, ती जागा अजून कोरीच असेल.

पुढे काळ बदलला. ठाण्यात आपोआप चालणारं यंत्र आलं आणि यांजमाला घरी बसवलं. लग्न तिनं केलं नव्हतं. तिचा थोरला भाऊ आमच्याच वस्तीत, उलान बुलागच्या झऱ्यापाशी, आमच्या शेजारी आपलं गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, लावायचा. तो गेला तेव्हा त्याचं गेर, साठेक शेळ्या आणि म्हातारा कुत्रा तिच्याकडे आला. टेकाडावरची बाई पन्नाशी उलटल्यावर शेळ्या राखायला शिकली. पहिल्या वर्षी तिनं धार काढली की शेळ्या मागे वळून तिच्याकडे अशा बघायच्या की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. पण शिकली. आम्ही तीन घरं मग एकत्रच हलायचो : मी आणि माझी बायको दुलमा, शगदार आणि त्याची माणसं, आणि यांजमा. हिवाळ्यात एकट्या माणसाचं गेर म्हणजे मरण. बर्फात वाट काढायला, शेण साठवायला, लांडगा आला तर ओरडायला शेजार लागतो. तिचा शेजार म्हणजे आम्ही.

आता सोलरच्या प्लेटचं सांगतो.

प्लेट आली त्या दिवशी मी लहान पोरासारखा झालो होतो. गेरच्या दाराशेजारी, दक्षिणेच्या उतारावर नमद्याच्या वर तिरकी टेकवली, घोड्याच्या केसाच्या दोरीनं बांधली, वायर आत घेतली. आत कंट्रोलरचा छोटा डबा, त्याला दोन दिवे : प्लेट नीट चालली की हिरवा, नाही चालली की लाल. आणि बॅटरी, तिला थंडी बाधू नये म्हणून पलंगापाशी लोकरीत गुंडाळून ठेवलेली. पहिल्यांदा बल्ब लागला तेव्हा दुलमानं वर छताच्या काठ्यांकडे बघितलं, तिथली काजळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?" पुढचे तीन दिवस ती गेर घासत होती.

मग टीव्ही आला. टीव्ही आल्यावर माणसं आली. चारी बाजूंनी घोडे यायचे, दुरून आरोळी, "कुत्रं धरा!" आणि घर भरायचं. यांजमाकडे एक छोटी प्लेट होती, एक बल्ब आणि रेडिओपुरती. शगदारकडे तेव्हा काहीच नव्हतं. खोऱ्यात सगळ्यात मोठा सूर्य माझा होता आणि मी तसा वागत होतो. खोटं कशाला बोलू.

दुलमा रोज सकाळी चहा झाला की पहिला चहा नऊ खळग्यांच्या लाकडी पळीनं बाहेर शिंपडते. आमच्याकडे सगळ्याच बायका शिंपडतात. दुधाचा खारा चहा, आकाशाला, डोंगराला, झऱ्याला. एक दिवस मी तिला म्हणालो, "दुलमा, सगळ्यांना देतेस. ही बिचारी दिवसभर उन्हात उभी राहून आपल्यासाठी राबते. हिलाही एक पळी दे."

"काचेवर?" दुलमा म्हणाली.

"मग? सूर्याची पाहुणी आहे ती. मानानं दे."

मग तिनं एक पळी प्लेटवर शिंपडली. तेव्हापासून रोज. ही कल्पना माझी होती. दुलमाची नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर दोन-तीन ठिकाणी सांगताना मी हे गाळलं होतं.

दोन वर्षं सगळं उत्तम चाललं. हिरवा दिवा सकाळपासून असायचा. मी पाहुण्यांना म्हणायचो, "मान दिला की वीजसुद्धा मान ठेवते."

मग तो नादामचा सण आला.

नादामला राजधानीत कुस्त्या होतात, आणि त्या वर्षी आमच्या भागातला एक पैलवान चांगला चालला होता. खोऱ्यातली तेवीस माणसं माझ्या गेरात. तेवीस, मी मोजली होती. पलंगावर, पेट्यांवर, जमिनीवर, दोघं तर उंबऱ्याच्या आत अंग चोरून उभे. दुलमा घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे फिरवत होती. यांजमा तेवढी नव्हती. दाढ काढायला तालुक्याला गेली होती, आठवडा झाला होता. छतातल्या सान्यातून पडलेला उन्हाचा तुकडा भिंतीच्या जाळीवरून सरकत पूर्वेच्या पलंगापर्यंत आला होता, म्हणजे दुपार कलली होती. आमच्या पैलवानानं समोरच्याचा पाय धरला. शगदार उठून उभा राहिला. आणि टीव्ही गेला.

काय ओरडले लोक! "अरे धरला होता! कुणी पाडलं? कोण पडलं?" मी डब्याकडे धावलो. लाल. बॅटरी रिकामी.

शगदार म्हणाला, "गोंबो, तुझा सूर्य जेवून झोपला वाटतं."

सगळे हसले. दोघं-तिघं घोड्यांवर बसून पलीकडच्या खोऱ्यात रेडिओ ऐकायला निघाले. वाडगे अर्धे तसेच राहिले. माझ्या आयुष्यात माझ्या गेरातून पाहुणे असे उठून गेले नव्हते. जाता जाता कुणीतरी म्हणालं, "वीज पीत असेल कुणीतरी. नाहीतर एवढ्या उन्हात बॅटरी रिकामी कशी?" कोण म्हणालं ते आठवत नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडे आणायला कड्यावर गेलो. नेहमीप्रमाणे दुर्बीण काढून खाली बघितलं. दुलमा घोड्यांच्या दाव्यापाशी धार काढत होती. आणि यांजमा आली होती. कुणाच्या तरी मोटारसायकलवरून पहाटेच उतरली असणार, अंगावर अजून प्रवासाचा झगा, गालाला फडकं बांधलेलं. ती माझ्या गेरापाशी उभी होती. माझ्या प्लेटपाशी. एका हातात वाडगा, दुसरा हात प्लेटवर फिरतोय. इकडेतिकडे बघून तिनं काहीतरी केलं, मग वाडगा घेऊन गेरच्या मागे, उत्तरेला, जिथं कुणी चालत नाही तिथं गेली आणि वाकून दगडांवर काहीतरी ओतलं.

मी दुर्बीण खाली ठेवली. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर आनंद झाला. दोष माझ्या प्लेटचा नव्हता. मला कारण सापडलं होतं, आणि कारणाला नाव होतं.

दुपारी शेवटच्या कुस्त्यांना तीच तेवीस माणसं पुन्हा आली. काहीजण मला चिडवायलाच आले होते. मी टीव्ही लावला. लागला! हिरवा दिवा, चकचकीत चित्र. सकाळपासूनचं ऊन बॅटरीत भरलं होतं. यांजमा दाराजवळ बायकांमध्ये बसली होती, गालाचं फडकं तसंच. आणि मी बोललो. कुस्ती चालू असताना बोललो, म्हणजे सगळे ऐकतील.

"बघितलंत? काल नाही, आज आहे. का? कारण आज सकाळी मी चोर बघितला दुर्बिणीतून. कुणाचा हात होता माझ्या प्लेटवर, यांजमा?"

दुलमा म्हणाली, "अहो, काय हे?" मी तिला हातानं गप्प केलं.

यांजमा म्हणाली, "गोंबोदादा, मी काच पुसत होते."

"पुसत होतीस? चला रे, बघूया काय पुसत होती ती." मी उठलो, सगळे उठले. टीव्हीवर कुस्ती चाललेली आणि तेवीस माणसं बाहेर माझ्या प्लेटभोवती. काच आरशासारखी. आमचीच तोंडं त्यात दिसत होती. मी त्यावर बोट फिरवलं आणि सगळ्यांना दाखवलं. "काय आहे पुसण्यासारखं? आणि मागे दगडांवर काय ओतलंस? मंतरलेलं पाणी? आठ दिवस बाहेरगावी जाताना माझ्या विजेवर करणी करून गेलीस, आणि आज पकडली गेलीस म्हणून वीज परत आली, हो ना?"

आता बघा, ती तेव्हा बोलू शकली असती. एक वाक्य पुरे होतं. ती दुलमाकडे बघत होती. दुलमाच्या हातात ती नऊ खळग्यांची पळी होती, कशाला ती घेऊन बाहेर आली होती कुणास ठाऊक. यांजमानं पळीकडे बघितलं, दुलमाच्या तोंडाकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. "पुसत होते," एवढंच पुन्हा म्हणाली. आणि आपल्या गेरकडे चालत गेली.

शगदार मागून म्हणाला, "आता टीव्ही बघायला आली की तिला बाहेर बांधून ठेवावं लागेल." लोक हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

हे नाव मग पसरलं. वीज पिणारी. झऱ्यावर, मेंढ्या कातरायला, जिथं जाईल तिथं. आणि आठ दिवसांत कळलं की यांजमानं तालुक्याच्या भाच्याला निरोप पाठवलाय : ट्रक घेऊन ये, गेर उतरवते, शेळ्या विकते, तुझ्या अंगणात राहते. शरदातल्या चराईला ती आमच्यासोबत येणार नव्हती.

मी म्हणालो, "जाऊ दे."

त्या दिवसांत माझी वीज पुन्हा मंद व्हायला लागली. आधी टीव्ही लवकर बंद व्हायचा, मग बल्ब पिवळा पडला, मग डब्यावर दिवसभर लाल. मी वायरी सोडल्या, परत जोडल्या. बॅटरीची लोकर काढली, परत गुंडाळली. दुलमाला म्हणालो, "शाप देऊन चाललीय ती." दुलमा त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

बाराव्या दिवशी मी आत बसून त्या लाल दिव्याकडे बघत होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. बघता बघता दिवा हिरवा झाला. मी सरळ बसलो. लाल झाला. पुन्हा हिरवा. लाल. हिरवा. मी उठलो, हळूच दाराबाहेर डोकावलो.

यांजमाची एका शिंगाची शेळी मागच्या पायांवर उभी होती, पुढचे पाय नमद्यावर, आणि माझी प्लेट चाटत होती. मन लावून चाटत होती. जीभ जिथून गेली तिथं काळीभोर चमकदार पट्टी, आणि बाकी सगळी काच पांढरट, पिवळट, चिकट. दूध, मीठ आणि त्यावर बसलेली धूळ. तो थर मी बोटानं खरवडला आणि चाखला. चहा. आमचाच चहा.

मी शेळीला हाकललं नाही. तिच्याशेजारी उभा राहिलो. वरून खाली, एक पट्टी, दुसरी पट्टी. दोन वर्षं रोज सकाळी आम्ही मानानं काच घाण करत होतो आणि रोज कुणीतरी ती गुपचूप पुसत होतं. तुमचं पुण्य म्हणजे काचेवरचा मळ आहे, असं शेजाऱ्याला कसं सांगायचं, म्हणून न सांगता पुसत होतं. आणि ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये, नैवेद्याचं दूध आहे म्हणून, मागे दगडांवर ओतत होतं. तेवीस माणसांसमोर सुद्धा तिनं दुलमाला उघडं पाडलं नाही. मी गेरच्या सावलीत जाऊन बसलो आणि टोपी डोळ्यांवर ओढली. दुलमा आली तेव्हा मी तिला प्लेट दाखवली. तिनं बराच वेळ बघितली. मग हातातली पळी पुसून पेटीत ठेवली.

"आता जा तिच्याकडे," ती म्हणाली.

जाणं सोपं नव्हतं. माफी मागायला शब्द लागतात, आणि मी एवढा बोलका माणूस, पण ते शब्द माझ्याकडे नव्हते. मग एक युक्ती सुचली. आमच्यात चुकून पाय पायाला लागला, तर लगेच हात हातात घ्यायचा, नाहीतर दोघांत वैर राहतं. मी ठरवलं, जातो, बसतो, चुकून तिच्या पायावर पाय ठेवतो, घाईघाईनं हात धरतो, आणि त्या धरण्यातच काय ते समजून घेईल ती. हुशार म्हातारा!

तिच्या गेरापाशी जाऊन ओरडलो, "कुत्रं धरा!" तिचा म्हातारा कुत्रा माझ्याकडे बघून पुन्हा झोपला. तिनं आत बसवलं, उजव्या हातानं, कोपराला डावा हात लावून, रीतीनं चहाचा वाडगा दिला. आरूलचे, वाळवलेल्या दह्याचे, तुकडे पुढे केले. सामान अर्धं बांधलेलं. कोपऱ्यात नेहमी टांगलेला ठाण्यातला फोटो, तोही कापडात गुंडाळून दोरीनं बांधलेला. मी मेंढ्यांचं बोललो, गवताचं बोललो आणि बोलता बोलता पाय लांबवला. तिनं पाय आत घेतले. मी आणखी लांबवला.

"दादा, पाय आवरा," यांजमा म्हणाली. "तिथं चूल आहे."

माझ्या बुटाचं टोक चुलीकडे होतं. चुलीकडे पाय! माझ्या नातवंडांना मी याच्यासाठी कानाखाली दिलेली आहे. मी पाय ओढून घेतला आणि मान खाली घातली.

"शेळीनं काच चाटली," मी म्हणालो.

"मला माहीत आहे. मी बघितलं इथून."

"यांजमा, मी..."

"त्या दिवशी तेवीस माणसं होती, दादा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, जणू वहीतून वाचून दाखवत होती. "माझ्या एकटीच्या पायावर पाय देऊन काय होणार?"

ट्रक चार दिवसांनी येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लेट सोडली, होती तशी, न पुसता, शेळीच्या पट्ट्यांसकट, चादरीत गुंडाळून घोड्यावर बांधली आणि निघालो. ज्या ज्या गेरातली माणसं त्या दिवशी माझ्याकडे होती, त्या प्रत्येक गेरात.

पहिल्या गेरात जीभ चाचरली. दुसऱ्यात बरं गेलं. तिसऱ्यात मी शेळीची नक्कल केली. पुढचे हात उंच, जीभ बाहेर, लाल, हिरवा, लाल, हिरवा. लोक लोटपोट हसले. मला दोनदा चहा, वर मांस. "काय सांगतोस गोंबोदादा! पुन्हा सांग!" पुन्हा सांगितलं. चौथ्या गेरात जाईपर्यंत गोष्ट छान तयार झाली होती. शेळी हुशार झाली होती, मी बिचारा भोळा झालो होतो, प्लेटवर पळी शिंपडायची कल्पना दुलमाची झाली होती.

चौथ्या गेरात नोरोव म्हातारी होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी कमी दिसायचं. सगळे हसले, ती हसली नाही. तिनं प्लेटवर हात फिरवला, बोटं चाचपली.

"गोष्ट छान सांगतोस, गोंबो," ती म्हणाली. "तुझा बापही छान सांगायचा. पण यात त्या बाईचं नाव अजून आलं नाही."

मी आठवलं. खरंच नव्हतं आलं. तीन गेरांत मी शेळीची शिंगं मोजून सांगितली होती, पण यांजमा, कुठे होती यांजमा? तिचं बदनाम झालेलं नाव मी माझ्या विनोदाखाली पुरत आलो होतो. तिचा अपमान केला तो केला, आता त्यावर चहा-मांस खात फिरत होतो.

पाहुण्याला रीतीनं देतात ती तपकिरीची कुपी म्हातारीनं माझ्यापुढे केली नाही. मीही मागितली नाही. घोड्यावर बसलो आणि उलटा फिरलो, आधीच्या तिन्ही गेरांत पुन्हा गेलो. तिथं लोक आनंदले, "आला! शेळी करून दाखव!" मी उभ्यानंच सांगितलं. "यांजमा रोज माझी काच पुसायची. त्यावर चहा शिंपडायला मीच लावलं होतं. मी तिला चोर म्हणालो. मी खोटं बोललो. तुम्ही ऐकलंत, म्हणून तुम्हाला सांगायला आलो." कुणी हसलं नाही. कुणी चहा पुढे केला नाही असं नाही, पण मी घेतला नाही. मग पुढची गेरं. अकरा गेरं, तीन दिवस. प्रत्येक ठिकाणी तेवढंच, तीच पाच वाक्यं. माझ्यासारख्या माणसाला लांबवता येत नाही म्हणजे काय यातना ते तुम्हाला नाही कळणार.

शगदारचं गेर शेवटी ठेवलं होतं, कारण ते माझ्या शेजारीच. त्यानं ऐकलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाहेर बांधून ठेवा म्हणालो होतो मी. ते माझं मी बघतो." गेलाही तो तिच्याकडे. काय बोलला ते मला माहीत नाही.

मी पोचलो तेव्हा ट्रक आलेला होता. चूल, पेट्या वर चढलेल्या, गेरचा वरचा नमदा काढलेला, भाचा दोऱ्या आवळत होता. यांजमा उघड्या काठ्यांखाली उभी. मी प्लेट घोड्यावरून उतरवून तिच्यासमोर जमिनीवर उभी केली.

"तीन दिवस पुसली नाहीत?" ती म्हणाली.

"दाखवायला लागत होती."

तिनं प्लेटकडे बघितलं. बारा दिवसांचा मळ, शेळीची जीभ, अकरा गेरांची बोटं. मग आत गेली, बांधलेल्या सामानातून एक मऊ फडकं शोधून काढलं, थर्मासमधलं कोमट पाणी वाडग्यात ओतलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

"घासू नका. आधी भिजवा. मग वरून खाली टिपून घ्या."

मी गुडघ्यावर बसून पुसली. ती, तिचा भाचा, शगदारची माणसं, दुलमा, सगळे बघत होते. पुसून झाल्यावर मी पाणी टाकायला उठलो.

"तिथं नाही," यांजमा म्हणाली. "दगडांवर. जिथं कुणी चालत नाही."

मी दगडांवर ओतलं. परत आलो तेव्हा ती भाच्याला म्हणत होती, "चूल उतरव." भाचा कुरकुरला, "मावशी, आत्ता तर बांधली!" "मग सोड," ती म्हणाली. "तुझ्या अंगणातून आकाश दिसत नाही तसंही."

त्या शरदात ती आमच्यासोबत आली. हिवाळाही काढला, आणि त्यानंतरचे सगळे. मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. दुलमा अजून चहा शिंपडते, पण प्लेटकडे पाठ करून. आणि यांजमानं माझ्या काचेला त्यानंतर कधीच हात लावला नाही. आता मीच पुसतो. रोज सकाळी आधी तिची छोटी प्लेट, मग माझी. ती दारात चहाचा वाडगा घेऊन उभी राहते. आता पंच्याहत्तरीची आहे, पण चष्मा लागला नाही तिला.

"डावा खालचा कोपरा राहिला, दादा," ती म्हणते.

मला तिथं काही दिसत नाही. पण मी पुन्हा पुसतो.